कडक डोहाळे, सातवा आठवडा आणि रोजचं डोंबिवली–कुर्ला

आमसूल | १२ जून, रात्री ११:२०

नमस्कार. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सातवा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. नवरा आणि सासूबाई सोडून कुणालाही सांगितलेलं नाही. तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही म्हणतात, ते ठीक. पण ते तीन महिने लपवायचे कसे, हे कुणी सांगत नाही. माझे डोळे उघडायच्या आधी मळमळ जागी असते. याला ‘मॉर्निंग सिकनेस’ नाव देणारा माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडत असणार आणि रात्री परतत असणार. मला सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच आहे. कुकरची दुसरी शिट्टी झाली की तूरडाळीचा वास येतो आणि मी बाथरूमचा नळ पूर्ण सोडते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. फ्रीज उघडवत नाही. नवऱ्याने साबण बदलला तरी त्याचा वास येतोच.

ऑफिस बीकेसीत. सकाळी ७:५२ची फास्ट, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. ठाण्याला लोंढा चढतो. मंगळवारी पुढच्या बाईच्या वेणीतलं तेल माझ्या नाकाला लागेल इतक्या जवळ, वर कुणाचा तरी सेंट, खाली ओल्या छत्र्या. बसायला मागावं तर पोट कुठे दिसतंय? शिवाय “कुठे?” “ठाणे.” “मग मला द्या हं,” अशा तीन-तीन नंबर लागलेल्या सीटवर मी कुठल्या तोंडाने हक्क सांगू? घाटकोपरला उतरले आणि फलाटाच्या टोकाशी कचऱ्याच्या डब्यात सगळं बाहेर. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. वळून बघितलं तोवर ती बाई गर्दीत मिसळली होती.

परतीच्या गाडीत तर बायका लसूण सोलत बसतात. दोन महिन्यांपूर्वी मीही सोलायचे, त्यामुळे बोलायची सोय नाही.

विचारायचं एवढंच: हे कधी थांबतं? गाडीत तुम्ही काय करायचात? आणि सासूबाई म्हणतात, “आम्हाला नाही झालं बाई असलं काही, मन दुसरीकडे गुंतव.” हे खरंच मनाचं असतं का?

गवतीचहा | १३ जून, सकाळी ६:०५

अगं अभिनंदन! आधी ते घे, मग बाकीचं.

मी विरार–चर्चगेट केलंय दोन्ही वेळा, त्यामुळे अनुभवाने सांगते. उशाशी डबा ठेव. कुरमुरे, टोस्ट, साधी बिस्किटं, काहीही कोरडं. खारी नको, तिचं तूप नंतर वर येतं. डोळे उघडले की आडव्या-आडव्याच दोन-तीन घास खायचे आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहायचं. त्यानंतर पाय जमिनीला लावायचे. तू बहुतेक “काही जात नाही” म्हणून उपाशी निघत असशील. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, हा उलटा हिशोब मला पहिल्या वेळी दोन महिन्यांनी कळला. दर दीड-दोन तासांनी काहीतरी तोंडात टाक. जेवताना पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट पी.

गार खा. गार अन्नाला वास कमी. मी महिनाभर दहीभात, गार इडली आणि मीठ लावलेली काकडी यावर काढलाय.

गाडीत दारात लटकू नकोस, पण आतही घुसू नकोस. दाराच्या आतल्या पार्टिशनला टेकून, वारा लागेल अशी उभी राहा. रुमालात लिंबाचं साल चुरडून ठेव. आणि दुधाची पिशवी धुऊन, वाळवून पर्समध्ये ठेव. प्लास्टिकबंदीच्या राज्यात तीच एक हमखास मिळते.

उगाच_शंका | १३ जून, सकाळी ९:३१

इतका त्रास म्हणजे मुलगीच! आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. आणि छातीत जळजळत असेल तर बाळाला जावळ दाट.

गवतीचहा | १३ जून, सकाळी ९:४०

मला दोन्ही वेळा सारखाच त्रास झाला. एक मुलगा, एक मुलगी. दोघांची जावळं तोळाभरसुद्धा भरली नसती. पुढे चला.

दादरची_माई | १३ जून, दुपारी २:१५

बाळ, माझं वय ७४, नातसुनेने हे टाइप करायला शिकवलंय. आमच्या वेळी याला कडक डोहाळे म्हणत. हल्ली डोहाळे म्हटलं की लोकांना चिंचा-कैऱ्याच आठवतात, पण अन्नावरची वासना उडणं हेसुद्धा डोहाळेच.

साळीच्या लाह्या आण. मूठभर लाह्या दोन भांडी पाण्यात तासभर भिजव, गाळून घे, चिमूट मीठ, चिमूट साखर. एकदम पिऊ नको. चमचा-चमचा घे, औषध घेतात तसं. साधं पाणी उलटून पडतं तेव्हासुद्धा हे बऱ्याचदा टिकतं. आवळासुपारी तोंडात धर. आलेपाकाची छोटी वडी चघळ. आणि तुझं नावच आमसूल आहे, तर दोन आमसुलं कोमट पाण्यात कोळून घ्यायला तुला कुणी सांगायला हवं का?

आता ते तीन महिन्यांचं. आम्ही तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरत असू. चोरून खरी, पण भरायला घरातल्या चार बायका असायच्याच ना? लपवायचं ते बाहेरच्यांपासून. घरात सगळ्यांना माहीत असे आणि त्या पोरीला चुलीपासून लांब ठेवत. तुम्ही लपवणं तेवढं ठेवलंत, चुलीपासून लांब ठेवणं सोडून दिलंत.

हजर_नवरा | १३ जून, दुपारी ३:०२

माईंना दंडवत. मागच्या वर्षी आमच्याकडे फोडणी बंद होती. मी सकाळी पाचला उठून डाळ-भात लावायचो, खिडक्या उघड्या आणि पंखा फुल, ती उठेपर्यंत वास गेलेला असायचा. नवऱ्यांसाठी टीप: “काय खाशील?” हे विचारू नका. त्या प्रश्नानेच उलटी होते. तीन वाट्यांत तीन गोष्टी ठेवा आणि खोलीबाहेर जा.

स्टेथो | १३ जून, रात्री १०:४८

आमसूल, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे फक्त सर्वसाधारण माहिती देते. तपासणीला पर्याय म्हणून वाचू नका.

दहातल्या सात-आठ जणींना कमी-जास्त मळमळ होतेच. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्याला कळस गाठते, बहुतेकींची १४ ते १६ आठवड्यांपर्यंत ओसरते. काहींची २० पर्यंत जाते. अगदी थोड्या जणींची शेवटपर्यंत राहते. मळमळ पहिल्यांदाच दहाव्या आठवड्यानंतर सुरू झाली तर मात्र ती गरोदरपणाची नसून दुसऱ्या कशाची असू शकते, दाखवून घ्या. आणि ज्यांना काहीच होत नाही त्यांनी त्यावरून बाळाची काळजी करू नये. दर आठवड्याला एक तरी अशी मुलगी रडत येते.

गवतीचहा आणि माईंचे उपाय सुरू करा, आल्याचा थोडाफार उपयोग अभ्यासांतही दिसला आहे. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांचं कवच तात्पुरतं मऊ झालेलं असतं. पेलाभर पाण्यात थोडा खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने. लोह असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिड हवंच, लोहाने मळमळ वाढते आणि ते बहुधा पुढे ढकलता येतं.

एवढ्याने भागलं नाही तर औषध आहे. डॉक्सिलामाइन १० मिग्रॅ आणि ब६ जीवनसत्त्व, म्हणजे पायरिडॉक्सिन, १० मिग्रॅ, अशी एकत्र गोळी मिळते. ती हळू सुटणारी असल्याने रात्री घेतलेली सकाळी कामाला येते. झोप येते, हा तिचा दोष म्हणा किंवा गुण. किती घ्यायच्या ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आता हे जपून ठेवा. चोवीस तासांत काहीच पोटात टिकलं नाही, आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद झाली, उभं राहिलं की अंधारी येते, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटात दुखणं सुरू झालं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरणं हीसुद्धा धोक्याची खूण. तुमचं वजन काय होतं?

आमसूल | १३ जून, रात्री ११:३०

सगळ्यांचे खूप आभार. ५४ होतं. काटा आणायला सांगते.

उगाच_शंका | १४ जून, सकाळी ८:१०

डॉक्टर, माफ करा, पण पहिल्या तीन महिन्यांत गोळी? उलटीच्याच गोळीने हातपाय नसलेली मुलं जन्मली होती ना?

स्टेथो | १४ जून, दुपारी १:५५

भीती रास्त आहे, गोळी मात्र वेगळी. ते थॅलिडोमाइड. १९५७ला पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, झोपेसाठी आणि मळमळीसाठी सर्रास दिलं गेलं, १९६१च्या अखेरीस मागे घेतलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून मंजुरी अडवून धरली, म्हणून तिथली हजारो मुलं वाचली.

डॉक्सिलामाइन आणि ब६ची कथा उलटी आहे. बेंडेक्टिन नावाने ती अमेरिकेत लाखो बायकांनी घेतली. त्या धास्तीच्या वातावरणात तिच्यावर खटल्यांवर खटले झाले आणि १९८३मध्ये कंपनीने खर्चाला कंटाळून ती बंद केली. नंतरच्या अभ्यासांत बाळांमधल्या व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. २०१३मध्ये तेच मिश्रण नव्या नावाने तिथे पुन्हा मंजूर झालं. मधल्या तीस वर्षांत तिथल्या बायकांनी नुसतं सोसलं. सोसणं म्हणजे सुरक्षितता असं आपण धरून चालतो, पण पाणी सुकलेली आईसुद्धा बाळासाठी सुरक्षित नसते.

पेट्रीडिश | १४ जून, रात्री ९:२०

तुझा तिसरा प्रश्न राहिला: मनाचं असतं का? नाही. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांब लिहिते.

वर्षानुवर्षं सगळं खापर एचसीजी या हॉर्मोनवर फोडलं जायचं, आणि ते न पटलं की बाईच्या मनावर. बाळ नको असेल म्हणून ओकते, नवऱ्याशी पटत नसेल म्हणून ओकते, असं गंभीर चेहऱ्याने लिहिलेलं आहे. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये जो शोधनिबंध आला त्यात बोट जीडीएफ-१५ या हॉर्मोनवर ठेवलंय. एरवी ते आपल्या प्रत्येकाच्या शरीरात थोडं असतं, पेशींवर ताण आला की वाढतं. गरोदरपणात मात्र त्याचा बहुतांश पुरवठा बाळाच्या बाजूने, वारेतून होतो. ते रक्तातून मेंदूच्या मुळाशी जातं आणि तिथली मळमळीची घंटा वाजवतं.

खरी गंमत पुढे आहे. घंटा किती जोरात वाजणार हे तुझ्या आधीच्या सवयीवर ठरतं. जिच्या रक्तात हे हॉर्मोन आधीपासून जास्त, तिला नवी भर जाणवत नाही. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांत ते कायम चढलेलं असतं, आणि त्यांना मळमळ फार कमी होते. जिच्यात आधी कमी, तिच्यावर एकदम पूर येतो. तिखटासारखंच. रोज ठेचा खाणाऱ्याला मिरचीचं काय!

ही पातळी काही अंशी आनुवंशिक. म्हणून सासूबाईंना नव्हतं याला काहीच अर्थ नाही. तुझ्या आईला विचार.

त्या संशोधनातल्या मार्लेना फेझो यांना १९९९मध्ये स्वतःलाच याचा भयंकर त्रास झाला होता, त्यात बाळ गेलं. डॉक्टरांनी तो लक्ष वेधून घेण्याचा प्रकार ठरवला होता. पुढची वीस-बावीस वर्षं त्या बाईंनी हेच शोधण्यात घालवली.

आमसूल | १५ जून, सकाळी ११:०५

आईला फोन केला. दिवस राहिल्याचं सांगायच्या आधीच विचारलं, त्यामुळे तिला दोन्ही एकदमच कळलं. माझ्या वेळी तिला चौथ्या महिन्यापर्यंत चिपळूणला माहेरी ठेवलं होतं, फक्त पेज आणि आमसुलाच्या पाण्यावर. मला कधीच बोलली नव्हती.

दुसरी बातमी: गवतीचहा, दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापतो. उलटी झाल्यावर मला तो आठवला. सलवार, चप्पल आणि शेजारच्या कॉलेजकन्येची बॅग. तिने बिचारीने पाण्याची बाटली दिली.

गवतीचहा | १५ जून, सकाळी ११:२०

अरे देवा. मी पिशवीचं तोंड सरळ कापते गं, सगळ्या जगाला तसंच वाटलं. सॉरी सॉरी सॉरी!!

रजेचा_अर्ज | १६ जून, दुपारी १२:४०

मी एचआरमध्ये आहे. २६ आठवड्यांची रजा सगळ्यांना पाठ असते, ती २०१७च्या दुरुस्तीने आली. पण १९६१च्या मूळ प्रसूती लाभ कायद्यातलं कलम १० कुणी मागायचंच नाही: गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा. २०२५मध्ये त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हीच तरतूद आहे. सर्व ऑफिसला सांगायची गरज नाही, साहेब आणि एचआर एवढं पुरे. दहा वाजताचं अकरा करून मागा. गर्दी टळली तर निम्मा त्रास टळतो.

आणि लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना मुभा आहे. पोट दिसत नाही तोवर डॉक्टरचा कागद जवळ ठेवा, कुणी ना कुणी विचारतंच.

घाट_उतार | १९ जून, रात्री १:१५

जागीच होते, म्हणून लिहिते. माझं मळमळीच्या पलीकडचं होतं, हायपरएमेसिस. फार थोड्या जणींना होतं, शंभरात एक-दोन. दिवसाला वीस-पंचवीस वेळा. शेवटी पोटात काही नसायचं, नुसते कोरडे उमाळे आणि हिरवं पित्त. स्वतःची थुंकी गिळवत नव्हती, उशाशी डबा असायचा. ज्या रुग्णालयात गेले तिथे दोनदा “पहिलटकरीण आहे, नाजूक आहे” म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा नवऱ्याने लघवीची तपासणी करा म्हणून हट्ट धरला. कीटोन्स, म्हणजे शरीराची उपासमार झाल्याची खूण, चार प्लस. मग पळापळ.

आमसूल, हट्ट धरायला एक माणूस सोबत ने. आपल्यात तेव्हा वाद घालायची ताकद नसते.

आमसूल | २८ जून, रात्री ८:५०

घाट_उतार, तुमचं लिहिणं कामी आलं.

सोमवारी पाणीसुद्धा टिकेना. लाह्यांचं पाणीही नाही. संध्याकाळी लक्षात आलं की सकाळी नऊनंतर लघवीला गेलेच नाहीये, आणि गेले तेव्हा कोऱ्या चहाचा रंग. काटा ५०.८. नवरा आकडेमोड करत बसला, म्हटलं टक्के नंतर काढ, आधी रिक्षा काढ. घराजवळच्याच नर्सिंग होममध्ये दोन दिवस सलाइन. आधी ब१चं इंजेक्शन, मग ग्लुकोज. डॉक्टर म्हणाल्या, हा क्रम महत्त्वाचा. जुळं नाही, थायरॉइडही पाहिला. आता गोळ्या चालू आहेत. त्यांनी पेंग येते, पण काल अर्धी वाटी मऊभात राहिला.

दुसऱ्या रात्री सासूबाई सोबत झोपल्या होत्या. तीन वाजता मला उमाळे आले, त्यांनी भांडं धरलं. नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला तिन्ही वेळा काही म्हणजे काही झालं नव्हतं गं. मला वाटलं, तुला माझ्या हातचं आवडत नाही.”

साहेबांना सांगून टाकलं. ११ ते ५, आणि दोन दिवस घरून.

स्टेथो | २८ जून, रात्री १०:३०

वेळेवर गेलात. गोळी बरं वाटलं म्हणून अचानक बंद करू नका, कमी करायची ती विचारून. आणि उलट्या पुन्हा तशाच सुरू झाल्या तर पुन्हा सलाइन लावावी लागली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. काहींना तीन-चार वेळा लागते.

दादरची_माई | २९ जून, सकाळी ७:००

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. आणि आता त्यांनाच म्हण, चोरओटी भरा.

आमसूल | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३५

सोळावा आठवडा. गाडीतूनच लिहितेय, दिव्यांगांच्या डब्यात जागा मिळाली नाही म्हणून लेडीजमध्ये. परवा दिवसभरात उलटी नाही, काल एक, आज अजून तरी नाही. वजन ५३. डाळीचा वास अजूनही नकोच आहे. बाकी नारळीभात दोनदा खाल्ला.

समोरच्या काकू लसूण सोलतायत. मी तोंड फिरवलेलं नाही, एवढंच नोंदवून ठेवते.

नवीन_पान | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१४

जुना धागा वर आणतेय, सॉरी. सहावा आठवडा, कळवा–सीएसएमटी. आत्ता गाडीत आहे. मग पिशवी नेमकी कुठली ठेवायची?

आमसूल | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१९

ब्रेडची. उंच असते, तोंड मोठं, गाठ मारता येते. आदल्या रात्री फुंकून बघ, हवा जात नाही ना. दोन ठेव. आत्ता काहीच नसेल तर डबा रिकामा कर. कुठल्या बाजूला उभी आहेस? दाराकडे सरक, आणि शेजारणीला सांग.